साक्ष द्यायची, पण कुणापुढे?

‘साक्ष’ हा शब्द आमच्या बीड जिल्ह्यात दोन ठिकाणी कायम कानावर पडतो. एक कोर्टाच्या आवारात, आणि दुसरा ख्रिस्ती मंडळीच्या घरगुती प्रार्थनासभेत. कोर्टातली साक्ष उलटतपासणीला तोंड देते. प्रार्थनासभेतली साक्ष संपली की लोक ‘प्रभूची स्तुती असो’ म्हणतात, पेटीवाला पुढच्या गीताचा सूर धरतो आणि साक्ष देणारा सतरंजीवर आपल्या जागी जाऊन बसतो. त्याला कुणी प्रश्न विचारत नाही. विचारूही नये, कारण तिथे माणूस पुरावा द्यायला उभा नसतो. पण तीच साक्ष छापली गेली, तिचं पुस्तक झालं, की ती साहित्याच्या आवारात येते, आणि तिथे प्रश्न विचारणं हा वाचकाचा हक्क असतो. मराठीतल्या ख्रिस्ती साक्षींच्या वाट्याला असा वाचक फारसा आलेला नाही. मंडळीच्या आत त्यांचं नुसतं कौतुक होतं, आणि बाहेर त्यांच्याकडे धर्मप्रसाराचा कागद म्हणून पाहिलं जातं. दोन्हीकडे वाचायचं राहूनच जातं.

मी अंबाजोगाईत, ख्रिस्ती घरात वाढलो. साक्ष हा प्रकार मी वाचायला लागायच्या आधीपासून ऐकत आलोय, त्यामुळे त्याचा साचा मला पाठ आहे. पूर्वी मी अमुक होतो. मग एके दिवशी तमुक घडलं. आता मी असा आहे. पूर्वी दारू, आजार, भानामतीची भीती, घरात भांडण. मग कुणीतरी प्रार्थनेला बोलावलं. आता शांती आहे. साच्याला हसण्यासारखं त्यात काही नाही. ओवी हाही साचाच आहे. प्रश्न एवढाच की साच्यात ओतलेला माणूस साच्याबाहेर थोडा तरी सांडतो का. ज्या साक्षीत तो सांडत नाही ती साक्ष खरी असूनही खोटी वाटते, आणि ऐकणाऱ्याला ती कुणाचीही वाटू शकते.

बायबलमध्येच याचं एक चांगलं उदाहरण आहे. प्रेषितांच्या कृत्यांत पौलाच्या परिवर्तनाची गोष्ट तीनदा येते. नवव्या अध्यायात लेखक ती सांगतो. बाविसाव्यात पौल स्वतः ती यरुशलेमच्या खवळलेल्या जमावाला त्यांच्याच भाषेत सांगतो, तेव्हा आपण गमलियेलाच्या पायाशी शिकलो हे तो आवर्जून सांगतो. सव्विसाव्यात तोच माणूस राजा अग्रिप्पापुढे उभा असतो, आणि त्या सांगण्यातून हनन्या गायब होतो, डोळे जाण्याचा प्रसंगही गायब होतो. सोबतच्या लोकांना आवाज ऐकू आला की फक्त प्रकाश दिसला, याचाही मेळ पहिल्या दोन सांगण्यांत बसत नाही. श्रद्धाळू लोक हा मेळ बसवण्यात पुष्कळ शाई खर्च करतात. मला त्याची गरज वाटत नाही. समोर कोण बसलंय त्याप्रमाणे साक्ष बदलते, आणि बदलूनही ती साक्षच राहते, हे त्या पुस्तकाने लपवलेलं नाही. मराठीतल्या साक्षी वाचताना मी हाच प्रश्न हातात धरून बसतो: ही कुणापुढे दिली आहे?

मिशनरी आले आणि त्यांनी आपल्याला स्वतःबद्दल बोलायला शिकवलं, असं एक बोललं जातं. मराठवाड्यातल्या माणसाने तरी हे मान्य करू नये. वेरूळजवळच्या देवगावात जन्मलेल्या आणि पुढे शिऊरला राहिलेल्या संत बहिणाबाईंनी सतराव्या शतकात अभंगांतून आपलं चरित्र सांगितलं आहे. ब्राह्मण घरातली बाई तुकारामांना गुरू मानते, स्वप्नात त्यांचं दर्शन घेते, त्यापायी नवऱ्याचा मार खाते, आणि हे सगळं स्वतःच्या तोंडाने सांगते. पूर्वी, मग, आता हे तिन्ही तिथे आहेत. त्यांची ‘पूर्वी’ तर मागच्या बारा जन्मांपर्यंत पोचते. आमच्या प्रार्थनासभेत इतक्या लांबून सुरुवात केली तर पाळकसाहेब घड्याळ दाखवतील. ज्या गावात मुकुंदराजांची समाधी आहे, दासोपंतांची पासोडी आहे, त्या गावात वाढल्यामुळे असेल, पण मला साक्ष हा परका प्रकार कधी वाटला नाही. निवेदन आणि साक्ष या दोन शब्दांत अंतर आहे ते एवढंच की निवेदन देवापुढे करायचं असतं आणि साक्ष माणसांपुढे द्यायची असते.

माणसांपुढे म्हणजे कोणत्या माणसांपुढे, हा प्रश्न बाबा पदमनजींच्या ‘अरुणोदया’पासूनच सुरू होतो. पदमनजी बेळगावचे, त्वष्टा कासार घरातले, जन्म १८३१ चा. बाप्तिस्मा १८५४ साली. ‘यमुनापर्यटन’ १८५७ चं. आणि हे स्वलिखित चरित्र १८८८ चं, म्हणजे बाप्तिस्म्यानंतर चौतीस वर्षांनी लिहून छापलेलं. एवढ्या वर्षांनी लिहिणारा माणूस खरं तर ‘आता’बद्दल भरभरून लिहील. पदमनजी उलट करतात. पुस्तक बाप्तिस्म्यापाशी थांबतं. नावच अरुणोदय, सूर्य वर आल्यावरचा दिवस त्यात नाही. आणि जे आहे त्यात सोडून दिलेल्या घराचं वर्णन इतकं बारीक आहे, देवघर, व्रतं, सण, कथापुराणं, वडिलांची भक्ती, की वाचताना शंका येते: हा माणूस ज्याला अंधार म्हणतोय तो त्याला इतका स्पष्ट कसा दिसतोय? वादासाठी लिहिलेल्या जागा आज शिळ्या झाल्या आहेत. त्यांतला खंडनमंडनाचा आवेश त्या काळच्या नियतकालिकांतून कुठेही मिळतो. पण घराबद्दलचा मजकूर शिळा झालेला नाही. तिथे लिहिणारा वाद विसरतो.

परमहंस सभेबद्दलचा भागही असाच. १८४९ च्या सुमाराची ती गुप्त मंडळी, जातिभेद मोडण्यासाठी जमणारी, पण बाहेर कळू नये म्हणून दार लावून जमणारी. ख्रिस्ती माणसाच्या हातचा पाव खायचा, पण गुपचूप. पदमनजी त्या सभेत होते. पुढे त्यांनी जे केलं ते उघड्यावर केलं, आणि ‘अरुणोदय’ हे त्या उघडेपणाचं पुस्तक आहे. मतं बदललेली माणसं त्या काळात पुष्कळ होती. मत बदलल्याचं गावाला सांगणारी थोडी होती. दोन वर्षांनी, १८९० मध्ये, मरे मिचेल यांच्या संपादनाखाली या पुस्तकाचं इंग्रजी रूप निघालं, त्याच्या नावात लेखक पूर्वी हिंदू होता आणि आता ख्रिस्ती आहे एवढंच उरलं. मराठी नावात पहाट आहे, इंग्रजी नावात हिशोब आहे. ऐकणारे बदलले की काय होतं त्याचा हा छापील पुरावा.

पंडिता रमाबाईंच्या साक्षीत हा प्रश्न अधिक टोकदार होतो, कारण ती १९०७ साली इंग्रजीतच छापली गेली. समोर बसलेले बरेचसे लोक केडगावचे नव्हते. मुक्ती मिशनला मदत करणारे, प्रार्थना करणारे दूरदेशचे लोक होते. म्हणून रमाबाईंना पुराणिक म्हणजे कोण, तो कुठे बसतो, लोक त्याच्यापुढे काय ठेवतात, हे समजावून सांगावं लागतं. मराठी वाचकाला या समजावण्याची गरज नाही, पण त्यातून एक गोष्ट कळते जी एरवी निसटली असती. रमाबाई पुराणिकाची मुलगी होत्या आणि स्वतः पुराण सांगत देशभर हिंडल्या होत्या. लोकांपुढे बसून गोष्ट सांगणं आणि त्यावर पोट भरणं हा त्यांच्या घरचा उद्योग होता. साक्ष सांगताना त्या तोच उद्योग करत आहेत, फक्त आता गोष्ट स्वतःची आहे.

त्या पुस्तकाचा पहिला भाग दुष्काळाचा आहे, आणि आमच्या भागातल्या वाचकाला तो परका वाटणार नाही. अनंतशास्त्री डोंगरे यांचं कुटुंब तीर्थयात्रा करत होतं, जवळचा पैसा देवाला प्रसन्न करण्यासाठी दानात गेला होता, अंगमेहनतीची सवय नव्हती आणि भीक मागायची लाज होती. आईवडील आणि बहीण गेली. भाऊबहीण पायी चालत कलकत्त्यापर्यंत पोचले. रमाबाई हे कुणाला दोष देण्याच्या सुरात सांगत नाहीत, दया मागण्याच्या सुरातही नाहीत. आणि यात एक जागा आहे जी मला मराठीशी संबंधित साऱ्या साक्षींत सर्वांत मोठी वाटते. मरणाच्या दारात असलेले वडील धाकट्या मुलीला जवळ घेतात. त्यांची दृष्टी गेलेली आहे, मुलगी दिसत नाही. ते तिला सांगतात की मी तुला देवाच्या हाती दिलंय, तू त्याची आहेस, त्याचीच सेवा कर.

हा देव कोणता? अनंतशास्त्री वैष्णव, शास्त्र जाणणारे ब्राह्मण. साचा असं सांगतो की ‘पूर्वी’च्या भागातलं सगळं चुकलेलं असलं पाहिजे, नाहीतर ‘आता’ला अर्थ राहत नाही. रमाबाई तसं करत नाहीत. त्यांच्या लेखी वडिलांचं ते दान फुकट गेलं नाही, ते पोचलं. एका हिंदू बापाचा आशीर्वाद ख्रिस्ती साक्षीत खोडला जात नाही, पुरा होतो. धर्मशास्त्रवाल्यांनी यावर काय म्हणायचं ते म्हणावं. वाचक म्हणून मला दिसतं ते हे की या जागी लेखिका साच्यापेक्षा मोठी झाली आहे. त्याच पुस्तकात धर्मग्रंथांनी स्त्रियांना आणि शूद्रांना काय लेखलं याचा त्यांचा राग आहे, आणि तो आजही चटका देतो. राग आणि आशीर्वाद शेजारी शेजारी ठेवायला जे धैर्य लागतं ते पदमनजींकडे नव्हतं.

दुसरी मोडतोड कालक्रमाची. बाप्तिस्मा २९ सप्टेंबर १८८३ ला इंग्लंडमध्ये वाँटेजला झाला. साच्यानुसार साक्ष इथे संपते. रमाबाई म्हणतात की तेव्हा मला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता. तो सापडायला पुढे आठेक वर्षं लागली. म्हणजे पाणी घेतल्यावरही गोष्ट संपली नाही असं त्या उघड सांगतात, आणि तेही पैसे पाठवणाऱ्या लोकांपुढे. ज्यांनी त्यांना बाप्तिस्मा दिला त्यांना हे वाचून काय वाटलं असेल! यानंतरचा भाग मात्र माझ्या मते उतरत जातो. वचनांमागून वचनं येतात, अनुभव मागे पडतो आणि प्रवचन पुढे येतं. ज्या हाताने हिब्रू आणि ग्रीक शिकून अख्खं बायबल सोप्या मराठीत आणलं, त्या हाताला वचनांचा मोह होणं समजू शकतं. पण वाचणाऱ्याला पुन्हा ती चालणारी भाऊबहीण हवी असतात.

लंडनमध्ये एका सिस्टरने त्यांना योहानाचा चौथा अध्याय वाचून दाखवला, हे रमाबाईंनी नोंदवलं आहे. विहिरीवर पाणी भरायला आलेली शोमरोनी बाई, जिच्या भांड्याला यहुदी शिवत नसत, आणि तिच्याकडे पाणी मागणारा यहुदी. पाणवठ्याचा अर्थ ज्यांना १९२७ च्या महाडपासून नीट ठाऊक आहे त्यांना या अध्यायाची वेगळी व्याख्या लागत नाही. ती बाई घागर तिथेच टाकून गावात जाते आणि सांगते. बायबलमधली ही पहिल्या साक्षींपैकी एक, आणि ती गावात पत नसलेल्या बाईची. पण अध्यायाचा शेवट सहसा सभेत वाचून सोडून देतात. गावकरी शेवटी तिला म्हणतात की आता आमचा विश्वास तुझ्या सांगण्यामुळे नाही, आम्ही स्वतः ऐकलंय. साक्ष देणाऱ्या बाईची गरज संपते. तिचं नावही उरत नाही.

लक्ष्मीबाई टिळकांचं नाव उरलं, याचं कारण त्यांनी साक्ष द्यायला सुरुवातच केली नाही. ‘स्मृतिचित्रे’ १९३४ ते १९३६ या काळात चार भागांत आली. तिच्यात परिवर्तन झालेला माणूस आधी नवरा आहे; नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १० फेब्रुवारी १८९५ चा. निवेदन करणारी मागे राहिलेली बाई आहे. दुसऱ्याच्या साक्षीचा मार जिला बसला तिच्या तोंडून साक्ष ऐकण्याची सोय मराठीत दुसरीकडे कुठे नाही. टिळकांच्या बाजूने पाहिलं तर ती सत्याच्या शोधाची गोष्ट आहे. लक्ष्मीबाईंच्या बाजूने पाहिलं तर घरातला कर्ता माणूस निघून गेलाय, नातेवाईक रडतायत, लोक बोलतायत आणि पदरात लहान मूल आहे. दोन्ही बाजू खऱ्या. पुढे त्या नवऱ्याजवळ राहायला येतात तेव्हाही चूल वेगळी, पाणी वेगळं, सोवळं चालूच. आणि त्यांचं स्वतःचं बदलणं येतं ते ख्रिस्ताच्या दर्शनातून नाही, तर खाण्यापिण्याच्या विटाळातून. जाती देवाने केल्या की माणसाने, याचा विचार करता करता त्या एका उत्तराला पोचतात आणि मग कुणाच्याही हातचं घेतात. त्यांचा बाप्तिस्मा १९०० सालचा, पण पुस्तकात तो कळस म्हणून येत नाही. ज्या दिवशी पाणी पोटात गेलं त्या दिवशीच कळस झालेला असतो.

समीक्षेने ‘स्मृतिचित्रे’चं कौतुक करताना बहुधा विनोद, साधेपणा, बोलभाषा यांवर बोट ठेवलं. ते बरोबरच आहे. पण लक्ष्मीबाईंचा विनोद हा साक्षीच्या विरोधात उभा केलेला पहारेकरी आहे असं मला वाटतं. गंभीर ‘मग एके दिवशी’ आलं की त्या काहीतरी सांडवतात, विसरतात, स्वतःवर हसतात. त्यामुळे धर्म न मानणाऱ्या वाचकालाही त्या पुस्तकात बसायला जागा मिळते. त्यांच्यासमोर मंडळीही नव्हती आणि परदेशी मदतनीसही नव्हते. शेजारीण होती.

इथपर्यंतची तिन्ही नावं मराठी साहित्याच्या इतिहासात आहेत. दोघी ब्राह्मण, एक कासार. १८४२ पासून ‘ज्ञानोदय’ निघतोय, अहमदनगरची अमेरिकन मराठी मिशन त्याहून जुनी, आणि तिच्या मंडळ्यांत बसणारे बहुसंख्य लोक महार आणि मांग. इकडे निजामाच्या मुलखात रेव्हरंड नारायण शेषाद्री जालन्याजवळ बेथेल नावाचं गाव वसवत होते, तेही मुख्यतः याच लोकांसाठी. शेषाद्री स्वतः ब्राह्मण. त्यांच्या १८४३ च्या धर्मांतरानंतर धाकट्या भावाला, श्रीपतीला, परत जातीत घेण्यावरून मुंबई-पुणे ढवळून निघालं आणि बाळशास्त्री जांभेकरांना त्या मुलाची बाजू घेतल्याबद्दल किती सोसावं लागलं हे शाळेच्या पुस्तकातही आहे. एक ब्राह्मण मुलगा आत यावा की बाहेर राहावा यावर एवढी शाई सांडली. बेथेलमध्ये जे आले ते का आले, हे त्यांच्या तोंडून मराठी साहित्यात आलेलं नाही. त्यांच्याबद्दलचं उत्तर मात्र सगळ्यांकडे तयार असतं: पोटासाठी बाटले.

हे तयार उत्तर साक्षीचं काय करतं ते मी घरात पाहिलं आहे. माझी आजी दर नाताळात साक्ष द्यायची. गोष्ट १९७२ च्या दुष्काळातली. ती खडी फोडायला जायची, मिलोची भाकर आणि सुकडी यावर दिवस निघत होते, आणि माझे सगळ्यात मोठे काका, तेव्हा तीन-चार वर्षांचे, तापाने फणफणले होते. गावोगाव बायबल सांगत फिरणारी एक बाई रात्रभर उशाशी बसली, प्रार्थना करत राहिली, पहाटे ताप उतरला. सभेतली गोष्ट एवढीच. घरात, चुलीपाशी, हीच गोष्ट सांगताना आजी त्या बाईने पदराखालून आणलेल्या ज्वारीच्या पिठाचंही सांगायची. किती होतं, कशात बांधलं होतं, त्याच्या किती भाकरी झाल्या, सगळं. सभेत पीठ कधीच आलं नाही. मी एकदा विचारलं तेव्हा ती म्हणाली, “पीठ सांगितलं की लोकाला तेवढंच ऐकू येतंय.”

मराठीतल्या साक्षीवर मला याहून नेमकी समीक्षा वाचायला मिळालेली नाही. रमाबाई भूक सांगू शकल्या, कारण त्यांची भूक त्यांच्या विद्वत्तेच्या आड येत नव्हती. संस्कृत जाणणाऱ्या पंडितेला पोटासाठी बाटली म्हणायला लोक कचरतात, म्हटलं तरी ते टिकत नाही. माझ्या आजीला ती सवलत नव्हती. तिला पिठाचा त्याग करून विश्वास सिद्ध करावा लागत होता. वास्तविक त्या गोष्टीत पीठ आणि प्रार्थना वेगळी नाहीत. जी बाई रात्रभर बसते तीच पीठ आणते, आणि गावातून दुसरं कुणी आलेलं नसतं. पीठ काढलं की साक्ष साच्यात नीट बसते आणि तेवढीच पोकळ होते.

दुसरी काटछाट कायद्याने केली. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध त्यात आले, ख्रिस्ती आणि मुसलमान बाहेरच राहिले. परिणाम आमच्याकडच्या कुठल्याही मंडळीत दिसतो. रविवारी एक नाव, शाळेच्या दाखल्यावर दुसरं. उभं राहून साक्ष देणारा माणूस फोन बंद आहेत ना हे पाहून घेतो, कारण ध्वनिमुद्रण झालं तर पोराचं जातप्रमाणपत्र अडेल. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुद्दुचेरीतल्या एका स्त्रीचा असाच दावा फेटाळला. तिचा बाप्तिस्मा आणि चर्चला नेमाने जाणं हा तिच्याविरुद्धचा पुरावा ठरला. प्रार्थनासभेतली साक्ष आणि कोर्टातली साक्ष इथे एकमेकींना भेटल्या. त्याआधी १९७७ साली याच न्यायालयाने सांगितलं होतं की धर्माची तत्त्वं मांडून तो पसरवण्याचा हक्क आहे, दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा नाही. कायद्याच्या दृष्टीने रेषा स्वच्छ असेल. पण साक्ष देणारा तत्त्वं मांडतच नाही. तो म्हणतो, माझ्या बाबतीत असं झालं. हे मांडणं की ओढणं, हे ऐकणाऱ्याच्या मनावर ठरतं आणि ते आधीच ठरलेलं असतं.

या पार्श्वभूमीवर आमच्याच जिल्ह्यातलं दुसरं पुस्तक शेजारी ठेवून पाहावं. एकनाथ आवाड यांचं ‘जग बदल घालुनी घाव’. दुकडेगावचा मांगाचा मुलगा, वडील पोतराज, पुढे मानवी हक्क अभियान आणि गायरान जमिनींसाठीची लांब लढाई. आवाडांनी २००६ मध्ये बौद्ध धम्म स्वीकारला. ते २०१५ मध्ये गेले. माणूस होता तसा न राहण्याची ही गोष्ट, म्हणजे साक्षच. पण तिच्यात देव बदलण्यापेक्षा गाव बदलण्याचा हिशोब मोठा आहे, आणि आवाडांना पीठ लपवावं लागत नाही. उलट भुकेवरच सगळं उभं आहे. दलित आत्मकथनांनी मराठीत ही मोकळीक १९७८ च्या ‘बलुतं’पासून मिळवली. दया पवारांनी तर निवेदक आणि दगडू अशी स्वतःची दोन माणसं करून एकाला दुसऱ्याची उलटतपासणी घ्यायला बसवलं. ख्रिस्ती साक्षीने हे शिकायला हवं होतं. आमची दलित ख्रिस्ती माणसं मात्र दोन्हीकडून राहिली: दलित साहित्याच्या व्यासपीठावर ती ख्रिस्ती, आणि ख्रिस्ती साहित्याच्या व्यासपीठावर ती उशिरा आलेली.

ज्याला ‘पूर्वी’ नाही त्याचं काय, हाही एक प्रश्न आहे, आणि तो माझ्यासारख्या तिसऱ्या पिढीच्या माणसाला टोचतो. मी दारू सोडली नाही, देव बदलला नाही. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचं ‘नाही मी एकला’ मी त्या ओढीने वाचलं. वसईच्या कॅथलिकांची ‘पूर्वी’ पोर्तुगीज काळात कुठेतरी मागे राहिली आहे. दिब्रिटोंना परिवर्तन सांगायचं नाही, राहणं सांगायचं आहे. गाव, शेती, पर्यावरणाची चळवळ, धमक्या. पण २०२० च्या जानेवारीत ते उस्मानाबादच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले तेव्हा धर्मगुरू अध्यक्ष कसा, म्हणून विरोध झालाच. आमच्या बीडहून उस्मानाबाद काही लांब नाही. ‘सुबोध बायबल’ लिहिणाऱ्याला मराठी येतं हे लोकांना मान्य होतं, मराठी आहे हे मान्य करायला जड जात होतं. तेव्हा माझ्या लक्षात आलं की साक्ष न देणाऱ्यालाही साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभं केलं जातं.

अलीकडे साक्षी मोबाइलवर फिरतात. मागे संथ संगीत, खाली फोन नंबर, आणि साचा आणखी घट्ट: तीन मिनिटांत आजार, तेल, चमत्कार. त्यांबद्दल लिहिण्यासारखं मला फार सापडत नाही. दिवाळीनंतर मात्र आमच्याकडच्या मंडळ्या अर्ध्या रिकाम्या होतात. माणसं ऊस तोडायला जातात आणि प्रार्थना कारखान्याच्या तळावर, कोप्यांच्या मधल्या मोकळ्या जागेत होते. गेल्या हंगामानंतर परतलेल्या एका बाईने आमच्याकडे साक्ष दिली. ती म्हणाली, उचल फिटली नाही, मुकादमाने पुढच्या सालाची बोली करून घेतली. मालक अजून पितात. तिसाव्या वर्षी गर्भपिशवी काढली, तेव्हापासून कंबर धरते. पहाटे तीनला फडात जायच्या आधी मी कोपीच्या दाराशी उभी राहून प्रार्थना करते. एवढं बोलून ती थांबली. पाळकसाहेब वाट पाहत होते, आम्ही सगळेच पाहत होतो. पेटीवाल्याने सूर धरला आणि सोडून दिला.

“आन मग, बाई?” पाळकसाहेबांनी हळू विचारलं.

“मग ऊस तोडायला जाते,” ती म्हणाली, आणि पदर सावरून खाली बसली.